पोळ्याला चढवा, होळीआधी उतरवा



जिल्ह्याच्या बैठकीत कापसाचा भाव, विजेचे बिल, कर्ज आणि पीक विमा हे विषय असतातच. या खेपेला त्यांच्या जोडीला आणखी एक विषय ठेवावा अशी माझी सूचना आहे. ती ऐकून काही जण हसतील. विषय आहे माळ्याचा. चार खांब, वर एक बाज मावेल एवढी जागा, तुराट्यांचा नाहीतर पऱ्हाटीचा आडोसा आणि छपराला फाटके प्लॅस्टिक. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्यात जा. जिथे शेत संपते आणि ई-क्लास, गायरान किंवा जंगल सुरू होते, तिथे असे माळे दिसतात. त्यातले काही जागलीचे असतात. काही मात्र पीक निघून गेल्यावर तीन-तीन महिने ओस उभे असतात. या ओस माळ्यांबद्दल मला बोलायचे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हंगामात पिकाची राखण करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि त्यासाठी माळा बांधावा लागतो, हे सरकारने मान्य केले पाहिजे. पण हंगाम सरल्यावर सार्वजनिक जमिनीवर उभा राहिलेला माळा हा आपला हक्क नाही. तो आपला आपणच उतरवला पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र बोलायची तयारी असेल तरच तिसरी गोष्ट ठामपणे मागता येईल. ती म्हणजे, वनखात्याने आणि महसूल खात्याने कायदा सगळ्यांना एकाच मापाने लावावा.

माळा लागतो किती दिवस?

हा प्रश्न शेतीशास्त्राचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. मृगाच्या, आर्द्राच्या पावसावर पेरलेली संकरित ज्वारी साधारण साडेतीन महिन्यांची असते. पोळ्याच्या आसपास ती निसवते, पुढे कणसात दूध भरते, मग हुरडा होतो, मग दाणा टणक होतो. पाखरांचा आणि डुकरांचा खरा जोर दूध भरण्यापासून दाणा पक्का होईपर्यंतचा. म्हणजे तीन-चार आठवडे. या तीन-चार आठवड्यांत राखण चुकली तर आधीच्या दोन महिन्यांची मेहनत मातीत जाते. रब्बीची ज्वारी असेल तर हेच चक्र पौष-माघात येते. तुरीला शेंगा धरल्यापासून कापणीपर्यंत रोही सोडत नाही. हरभरा घाट्यावर आला की हरणांचे कळप उतरतात. कपाशीची कोवळी शेंडी आणि पात्या रोही खातो. रानडुक्कर खाते त्याहून अधिक तुडवते.

ज्वारीवाल्याची अडचण आणखी वेगळी आहे. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरांचा आणि जनावरांचा मार सगळ्यांत वाटला जायचा. आता शिवार सोयाबीनचे झाले, आणि ज्याने घरच्या भाकरीसाठी आणि बैलाच्या कडब्यासाठी दोन एकर ज्वारी पेरली त्याच्या दोन एकरांवर सगळ्या पंचक्रोशीची पाखरे येतात. मग तोही पुढच्या वर्षी ज्वारी सोडतो. ज्वारी बंद होण्याची कारणे सांगताना भाव, मजुरी आणि काळी पडणारी कणसे सांगतात. ती खरी आहेत. पण राखणीचा खर्च कोणी सांगत नाही. रात्रभर जागलीला बसणाऱ्या माणसाची मजुरी उत्पादन खर्चात कुठल्याही सरकारी कागदावर धरलेली मी पाहिली नाही.

आता सगळी पिके एकत्र मांडा. खरिपाची ज्वारी, कपाशी, तूर, मग रब्बीची ज्वारी आणि हरभरा. कोरडवाहू शेतात राखण पोळ्याला सुरू होते आणि होळीच्या आत संपते. होळीनंतर आपल्या कोरडवाहू वावरात राखायला काही उरत नाही. ओलिताखाली उन्हाळी पीक असणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने आपला माळा आपल्या विहिरीजवळ, आपल्या सातबाऱ्यात ठेवावा. म्हणजे पोळा ते होळी हा माळ्याचा हंगाम झाला. हा हिशेब कोणा साहेबाने ठरवलेला नाही, पिकानेच ठरवून दिलेला आहे.

माळा आपल्या शेतात न बांधता ई-क्लासवर का बांधतात, हेही समजून घ्यावे. आपल्या धुऱ्यावर मोठे झाड राहिलेले नसते. जनावर येते ते नाल्यातून किंवा टेकडीवरून, आणि तिथे उंचावर बसले तरच ते येताना दिसते. दोन-चार शेजारी मिळून एक माळा करतात तेव्हा तो चौघांनाही सोयीचा पडेल अशा मोकळ्या जागी करतात. यात लबाडी नाही, गरज आहे. पण गरज संपल्यावरही तो तिथेच राहिला तर काय होते, ते पाहू.

उन्हाळ्यातला माळा कोणाचा?

फाल्गुनानंतर रान सुकते. नाल्यांत एखाद-दुसरा डोह उरतो आणि सगळी जनावरे तिथे पाण्याला येतात. अशा वेळी डोहाच्या काठी, शेतात काडी नसताना उभा असलेला माळा कशासाठी असतो? शेतकऱ्याने तो तुरीसाठी बांधला असेल. वैशाखात त्यावर बसणारा तुरीसाठी बसत नाही. तो शहरातून मोटारसायकलवर, हातात मोठी बॅटरी घेऊन येतो. गावातल्या एखाद्याला दोनशे-पाचशे रुपये आणि मांसाचा वाटा मिळतो. कधी बंदूक असते, कधी तारेचा फास, कधी विजेच्या खांबावरून ओढलेली उघडी तार. सकाळी तो निघून जातो. माळा तिथेच राहतो, आणि माळा कोणाचा आहे हे सगळ्या गावाला माहीत असते.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, फास लावणे, आमिष ठेवणे, हाकून नेणे आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणे म्हणजेसुद्धा शिकार. या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. रोही आणि रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षाच नाही, सात वर्षांपर्यंत होऊ शकते. आणखी एक कलम लक्षात ठेवा, सत्तावन्नावे. प्राण्याचे मांस किंवा कातडे कोणाच्या ताब्यात सापडले तर ते बेकायदा आहे असे आधी धरले जाते. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे.

नुसता माळा उभा आहे म्हणून कोणी शिकारी ठरत नाही, हे खरे. पण माळ्याखाली तारेचा फास, रक्ताचा डाग किंवा कातडे सापडले की वनरक्षक पहिला कोणाच्या दारात जाईल? माळ्याच्या मालकाच्या. वकील लावायचा त्याने, तारखांना जायचे त्याने. मांस खाल्ले ते भलत्यानेच.

आणि माळ्याचा मालक सापडला नाही तर? मग पारध्याचा बेडा आहेच. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९५२ साली तो रद्द झाला. कायदा कागदावरून गेला, पण शिकार दिसली की पारध्याला उचलायची सवय गेली नाही. ज्या गावात शिकारीचा माळा कोणाचा हे ठाऊक असून गाव गप्प बसते, ते गाव पारध्यावर खोटी केस घालायला मदत करत असते. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण सरकारबद्दल वापरतो. ती आपल्यालाही लागू पडते. याच अकोला-वाशिम पट्ट्यात फासेपारधी समाजातल्या लोकांनी ‘संवेदना’ या संस्थेबरोबर तणमोर पक्ष्याच्या आणि गवताळ रानाच्या रक्षणाचे काम केले आहे. रान कोण राखतो आणि कोण लुटतो, हे जातीवरून ठरत नाही.

आज माळा, उद्या धुरा, परवा वाही

आता एक अवघड गोष्ट. ती आपल्यातल्याच काही जणांना लागेल, पण बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. सगळेच माळे राखणीसाठी राहत नाहीत. काही माळे मुद्दाम ठेवले जातात. पहिल्या वर्षी ई-क्लासवर माळा. दुसऱ्या वर्षी माळ्याभोवती काट्यांचे कुंपण. तिसऱ्या वर्षी कुंपणाच्या आत नांगर. मग तलाठ्याकडे जाऊन सांगायचे की आमची वहिवाट जुनी आहे, हा पाहा आमचा माळा. ज्याच्याकडे वीस एकर आहे तोच हे बहुधा करतो, कारण नांगर आणि ओळख दोन्ही त्याच्याकडे असते. ज्याच्याकडे दोन शेळ्या आहेत त्याचे चराऊ रान तेवढे कमी होते.

भूमिहीनाने पोटासाठी कसलेल्या तुकड्याची आणि या चोरीची गल्लत करू नका. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आणि पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. तो न्याय होता. वीस एकरवाल्याने माळ्याच्या आडून केलेला विस्तार हा न्याय नाही.

पुढे काय झाले? २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र सरकारने गायरानाबाबत निर्णय काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्षअखेरीपर्यंत गायराने मोकळी करा म्हणून सांगितले, तेव्हा राज्यातील सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणांचा आकडा पुढे आला. गावोगाव नोटिसा लागल्या. नोटीस प्रथम कोणाला लागली? ज्याची झोपडी आहे त्याला.

आणि याच वर्षी, याच वाशिम जिल्ह्यात, घोडबाभूळ येथील ३७ एकर गायरान एका खासगी माणसाच्या नावे नियमित करण्याचा आदेश तत्कालीन महसूल राज्यमंत्र्यांनी जून २०२२ मध्ये दिला होता. डिसेंबरमध्ये नागपूर खंडपीठाने त्यावर कडक प्रश्न विचारले आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यावर गदारोळ झाला. एकीकडे चार खांबांच्या माळ्यासाठी पंचनामा, दुसरीकडे सदतीस एकरांसाठी मंत्र्याची सही. हा फरक सांगायला आपल्याला तोंड हवे असेल, तर आपले चार खांब आधी आपण उचलले पाहिजेत.

कायदा कोणाला दिसतो?

कायद्याबद्दल आपली तक्रार कायदा आहे ही नाही. तो एका बाजूला उघड्या डोळ्यांनी बघतो आणि दुसऱ्या बाजूला झोपतो, ही आहे.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखाते स्वतः पाणवठ्यावर मचाणे उभारते. पूर्वी ती प्राणिगणनेसाठी असत, आता ‘निसर्गानुभव’ म्हणून शहरातले लोक पैसे भरून त्यावर बसतात. बसू द्या. जंगल पाहावे, त्यात वाईट काही नाही. पण तेच जनावर त्याच्या आदल्या पौषात ज्याच्या हरभऱ्यात रात्र काढून गेले, त्याच्या माळ्याकडे खाते संशयाने बघते. उंचावर बसून पाहणारा शहरी माणूस निसर्गप्रेमी, आणि उंचावर बसून राखणारा शेतकरी संशयित! कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० साली झाले. त्याचे क्षेत्र १८.३२ चौरस किलोमीटर. कागदावर हद्द आहे, काळविटाला ती वाचता येत नाही. अभयारण्याबाहेर त्याला चारायचा खर्च भोवतालच्या गावांनी सोसायचा, आणि त्या खर्चाचे नाव ‘वन्यजीव संवर्धन’ असे कोणाच्या तरी अहवालात यायचे.

नुकसानभरपाई घ्या. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत अर्ज दिला पाहिजे, असा नियम आहे. शेतकऱ्याला तीन दिवसांची मुदत लागू होते आणि ती काटेकोर लागू होते. पंचनाम्याला येणाऱ्याची मुदत मात्र रबरासारखी ताणते. तो येईपर्यंत आडवी झालेली ज्वारी कुजते, मग तो म्हणतो, नुकसान दिसत नाही.

परवान्याचे पाहा. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला व रोह्याला मारण्याची परवानगी देण्याची तरतूद मूळ कायद्याच्या अकराव्या कलमातच आहे. २०१५ साली महाराष्ट्राने हे अधिकार खाली, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत आणले. कागद चांगला आहे. पण परवाना मिळाला तरी मारणार कशाने? पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. तो किती जणांना मिळतो, ते आपापल्या गावात मोजा. ज्यांच्याकडे आहे त्यांची बंदूक निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायला सांगतात. विधानसभेचे मतदान २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. ज्वारी, कपाशी, तूर ऐन भरात! प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार छाननी समितीने करायचा असतो. पण सरसकट जमा करून घेणे सोपे, म्हणून तसे होते. आणि हेही विसरू नका: परवाना घेऊन मारलेले जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता ठरते. त्याचे मांस घरी नेले की परवानाधारकही आरोपी होतो.

नुसत्या गोळीने प्रश्न सुटत नाही, हेही मान्य करू. केंद्राने २०१५ च्या डिसेंबरात बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर एक वर्षासाठी उपद्रवी म्हणून जाहीर केले. २०१६ च्या जूनमध्ये तिथे दोनशेहून अधिक रोही मारले गेले, आणि दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री त्यावरून जाहीरपणे भांडले. बातमी मोठी झाली, पण एका मोहिमेने शेतकऱ्याची जागल सुटत नसते. राखण शेवटी रोजची आहे. म्हणूनच माळा कायदेशीर, सुरक्षित आणि हंगामी असला पाहिजे.

आणि ज्यांना माळ्याची कटकट नको म्हणून सरळ खांबावरून वीज तारेत सोडायची सवय लागली आहे, त्यांना हात जोडून सांगतो, ते बंद करा. ती तार डुकराला ओळखत नाही, पहाटे पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्याच्या पोरालाही ओळखत नाही. सौर बॅटरीवरचे झटका यंत्र क्षणभर झटका देऊन सोडते. खांबावरची वीज सोडत नाही.

इतर देशांत कसे चालते?

इंडियातले शहाणे आपल्याला नेहमी परदेशचे दाखले देतात, तर एकदा आपणही देऊ. अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे, आपल्याकडे नाही, हा फरक आधी ध्यानात घ्या. तिथल्या अनेक राज्यांत सरकारी जंगलात शिकारीचे मचाण लावता येते, पण त्यावर मालकाचे नाव-पत्ता किंवा क्रमांक लावावा लागतो, झाडाला खिळे ठोकता येत नाहीत, आणि ठरलेल्या तारखेच्या आत ते काढावे लागते. न काढल्यास ते बेवारस समजून उचलतात. सरकारी जमीन सगळ्यांची आहे, म्हणून ती कोणा एकाने वर्षभर अडवून ठेवायची नाही, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे.

जर्मनीचा दाखला तर आपल्या सभांतून सांगण्यासारखा आहे. तिथे शिकारीचा हक्क जमीनमालकाचा असतो. लहान जमीनमालकांचा मिळून गट असतो, तो गट हा हक्क भाडेपट्ट्याने देतो आणि भाडे घेतो. रानडुकराने किंवा हरणाने पिकाचे नुकसान केले तर भरपाई गटाने द्यायची असते, आणि करारात बहुधा तो बोजा भाडेपट्टा घेणाऱ्या शिकाऱ्यावर टाकलेला असतो. म्हणजे जनावराचा हक्क ज्याच्याकडे, नुकसानही त्याच्याकडे. आपल्याकडे जनावर सरकारचे, आणि जनावराचे पोट शेतकऱ्याकडे. शिकार सुरू करा असे मी म्हणत नाही. जनावर सरकारचे असेल तर त्याच्या चाऱ्याचा खर्चही सरकारचा, एवढेच म्हणतो.

गावाने काय करावे?

कोणी म्हणेल, आपण सरकारी नियमांच्या जाचाविरुद्ध लढणारी माणसे, आणि तुम्ही आणखी एक नियम घेऊन आलात? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, नियम कोणी केला त्यावर सगळे अवलंबून असते. गावाने केलेला आणि गावाने पाळलेला नियम बाबूला दारातून परत पाठवतो. गावाने काहीच केले नाही तर ती पोकळी बाबू भरतो, आणि त्याचा दर तोच ठरवतो. म्हणून ग्रामसभेत मांडण्यासाठी हा मसुदा देतो.

पहिले, जंगलात आणि अभयारण्याच्या हद्दीत माळा नाही. एकही नाही. तिथे कोणतीही सबब टिकत नाही.

दुसरे, शक्य तिथे माळा आपल्याच सातबाऱ्यातल्या धुऱ्यावर. ई-क्लास किंवा गायरानावर बांधण्याशिवाय इलाज नसेल तर तो चौघांचा मिळून एक. प्रत्येकाचा वेगळा नाही.

तिसरे, अशा माळ्याची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत. गट क्रमांक, राखणारांची नावे, पीक, चढवल्याची तारीख. माळ्यावर पत्र्याचा तुकडा ठोकून त्यावर तोच क्रमांक. वहीची प्रत तलाठ्याला आणि वनरक्षकाला द्यायची व पोच घ्यायची. वहीत पहिल्या ओळीलाच लिहायचे की या नोंदीमुळे जमिनीवर कोणाचाही हक्क निर्माण होत नाही. ही ओळ वीस एकरवाल्याला नको असेल. म्हणूनच ती हवी.

चौथे, जिवंत झाडाला खिळा नाही, ओले लाकूड नाही. बांबू, बल्ल्या आणि सुतळी पुरते. माळ्याखाली तारेचा फास किंवा वीज सापडली तर गाव त्याची बाजू घेणार नाही.

पाचवे, पोळ्याला चढवा, होळीआधी उतरवा. उतरवला नाही तर गावाने उतरवायचा. होळीला पोरे लाकूड शोधत फिरतातच. ती जबाबदारी ती आनंदाने घेतील.

कापूसवाल्यांना हे वेगळे समजवायची गरज नाही. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घेतली की काय होते, ते आपण गुलाबी बोंडअळीच्या रूपाने भोगले आहे. दोन वेचण्यांच्या लोभाने पुढच्या हंगामाची अळी आपणच पोसली. हंगामाबाहेर उभा राहिलेला माळा ही तशीच फरदड आहे. त्याच्यावर पोसली जाणारी अळी बंदूक घेऊन येते, इतकेच.

बदल्यात काय मागायचे?

हे सगळे आपण केले की मग वनखात्यासमोर आणि तहसीलसमोर उभे राहून मागायचे. एक, नोंद असलेला हंगामी माळा लेखी नोटीस दिल्याशिवाय पाडायचा नाही. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणासाठी जमीन महसूल संहिता १९६६ चे पन्नासावे कलम आहे, गाव नमुना १-ई ची नोंदवही आहे. कारवाई त्या रस्त्याने करा, काठीने नको. दोन, नमुना १-ई ग्रामसभेत मोठ्याने वाचा. सगळी नावे वाचा, झोपडीवाल्याचे वाचा आणि वीस एकरवाल्याचेही वाचा. तीन, नुकसानीच्या अर्जाला जशी शेतकऱ्याला तीन दिवसांची मुदत आहे तशी पंचनाम्यालाही पाळली जाणारी मुदत हवी, आणि उशीर झाला तर उशीर करणाऱ्याचे नाव फलकावर हवे. चार, पारधीच्या परवान्याचा अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्या. २००५ चा माहिती अधिकार आणि २०१५ चा लोकसेवा हक्क हे दोन कायदे आपल्या हातात आहेत. ते वापरायला मोर्चा लागत नाही, पोच घेतलेला अर्ज लागतो. पाच, निवडणुकीच्या काळात पीकसंरक्षणाच्या बंदुकांचा विचार छाननी समितीने एक-एक परवाना पाहून करावा, सरसकट नाही.

येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. आपल्या शिवारात सार्वजनिक जमिनीवर किती माळे उभे आहेत, कोणाचे आहेत, त्यातल्या कितींखाली आज पीक आहे. खोटे लिहू नका. आपल्यासाठीच लिहायचे आहे. ज्या माळ्याखाली पीक आहे त्याच्यामागे सगळा जिल्हा उभा राहील. ज्याच्याखाली पीक नाही, तो बैठकीला निघण्याआधी उतरवून या.